तालमीत न मरणारे नाना

गिरीज गावचे नाना आमच्या नाटकात दरवर्षी मरायचे, पण तालमीत एकदाही मेले नाहीत.

स्वातंत्र्याला चार-दोन वर्षं झाली होती. गावात मोठी पडवी नानांची, म्हणून तालमी तिथंच. नाटक कोणतंही असो, म्हाताऱ्या बापाचं काम नानांचं आणि तिसऱ्या अंकात बाप मरणार हे ठरलेलं. नाटकात मी त्यांचा मुलगा. त्यांची बायको म्हणजे मिठागरावर काम करणारा जनू. तालमीतही लुगडं नेसल्याशिवाय त्याला रडू येत नसे.

नाना सगळ्यांच्या आधी हजर. वाडीत पाणी लावतानासुद्धा ते भाषणं म्हणत. त्यांच्या केळींनाही ती पाठ झाली असतील. पण मरणाची ओळ आली की मान टाकायची सोडून खाटेवर उठून बसत आणि आत हाक मारत, "अगं, चहा टाक."

"नाना, मरा ना आता," जनू कुरकुरायचा. "मी रडन्याची तालीम कवा करू?"

"मरण प्रयोगाला. तालमीत नाही."

प्रयोगात मात्र ते असे मरत की आम्ही हादरून जायचो. मी तर रडायचंच विसरायचो. आणि नेमकं त्या दिवशी नानांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, वटारला माहेरी धाडलेलं असे. नवऱ्याचं एवढं कौतुक होणार आणि ते बघायला बायको नको? कमाल माणूस.

एका वर्षी मास्तर भडकले. आमचं नाटक तेच बसवत. "आज मरणार नसाल तर पार्ट काढून घेतो."

"काढा," नाना म्हणाले आणि खाटेवरून उठले.

नाटकापायी वाडीकडे दुर्लक्ष करणारा हा माणूस पार्ट सोडायला निघाला! पण मास्तरही इरेला पेटलेले. त्यांनी जनूला रिकाम्या खाटेपुढंच रडायला बसवलं. जनूनं बांगड्या फोडल्यासारखी जमिनीवर मनगटं आपटत असा गळा काढला की माझ्या अंगावर काटा आला. नाना दाराकडे धावले. "चहा टाक गं, चहा!" आतून काही उत्तर आलं नाही, तेव्हा बघायला मी गेलो.

काकी चुलीपाशी बसल्या होत्या. एका हातातल्या बांगड्या दुसऱ्या हातानं घट्ट धरून.

"मेले नाहीत ना रे आज?"

"नाही काकी. चहा मागतायत."

मग त्यांनी बांगड्या सोडल्या आणि आधण ठेवलं. मी बाहेर येऊन मास्तरांच्या कानात सगळं सांगितलं. पार्ट नानांकडेच राहिला, आणि तालमीतल्या मरणाचं नाव मास्तरांनी पुन्हा काढलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात काकी तापानं गेल्या. नाना यंदा काम करतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यांनी केलं. तालमीत तिसरा अंक आला, ती ओळ आली आणि नाना मेले. मान कलली, हात खाटेखाली लोंबला. जनू रडला. मीही रडलो, आणि ते मला कधी जमलं नव्हतं. अंक संपला तरी नाना उठेनात. मी घाबरून त्यांना गदागदा हलवलं.

"नाना, उठा. चहा सांगा."

त्यांनी डोळे उघडले. "कुणाला सांगू?"

जनू तसाच लुगड्यात उठला, आत गेला आणि चूल फुंकू लागला.