मागचं डावं चाक

१९७४ च्या हिवाळ्यात एका रविवारी चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये जोगळेकरांच्या मोटारीचं मागचं डावं चाक मोटारीला सोडून पुढे गेलं. शेजारचे सरदारजी ते घरंगळवत परत घेऊन आले.

"जोगळेकर साब, आपकी गाडी का बच्चा हमारे घर आया था."

जोगळेकर केंद्र सरकारच्या कचेरीत ड्राफ्ट्समन, मूळचे साताऱ्याचे. मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये. मोटार ते मागच्या अंगणात स्वतःच बांधत होते. अॅक्सल भंगारातल्या जीपचा, बॉडी सुताराकडून करून घेतलेली. दोन वर्षांपूर्वी जोगळेकरांच्या मागे बसलेल्या वहिनी स्कूटरवरून पडल्या. तेव्हापासून त्या स्कूटरवर बसत नव्हत्या, आणि बसची पायरी त्यांना चढवत नव्हती. त्यांना शहराजवळची पिंजौरची बाग बघायची होती. "पुढच्या महिन्यात नेतो, पक्कं," असं जोगळेकर दर महिन्याला सांगत.

चाक का निघालं, याचा तपास झाला. त्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, त्यामुळे डावा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, डावीकडेच लागतो; उजवीचा लावला तर चालता चालता नट सैल होतात. जोगळेकरांनी दोन्ही हब काढून, बेअरिंगं बदलून, ग्रीस भरून परत बसवले होते. अॅक्सल खाटेवर होता. इथे हिवाळ्यात खाट उन्हाबरोबर सरकवतात, वळवतात. सकाळी जोगळेकरांनी "स्वयंपाकघराकडचा तो डावा" असं ठरवलं, आणि दुपारपर्यंत खाटेचं दुसरं टोक स्वयंपाकघराकडे आलं; हब उलटसुलट बसले.

मी तेव्हाच विचारलं होतं, "यातली डावी बाजू कुठली?"

"तुमची की गाडीची?"

"गाडीची."

"गाडीचं तोंड कुठे, त्यावर आहे ते."

"मग तोंड कुठे?"

जोगळेकरांनी खाटेभोवती एक फेरी मारली. "उगीच घोटाळा करू नका," म्हणाले.

चाक निघाल्यावर त्यांनी हबांची अदलाबदल केली. आता सगळं बरोबर होतं. तरी पुढच्या रविवारी त्यांनी हब पुन्हा खोलले. त्याच्या पुढच्या रविवारीही. सरदारजींनी चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.

"बिल्कुल ठीक है जी. भाभीजी को घुमा लाओ."

"पक्कं नाही अजून," जोगळेकर मराठीतच म्हणाले.

मला काही कळेना. वहिनी उन्हात मटार सोलत होत्या, त्यांना विचारलं.

"स्कूटरचं मागचं चाक यांनीच खोलून बसवलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तेच निखळलं. मी कधी बोलले नाही त्यावर, पण यांचं आपलं चालूच."

मग परात खाली ठेवून त्या उठल्या आणि मोटारीत मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

जोगळेकर पाना हातात घेऊन उभे. "अगं, एकदा बघतो ना."

"बघा. मी इथेच बसलेय."

पाच मिनिटांनी मोटार निघाली. ती इतकी हळू होती की सरदारजी आणि मी शेजारून चालत होतो, नजर डाव्या चाकावर. चौकाशी वहिनी पुढे वाकल्या.

"अहो, पिंजौरला आजच पोचायचंय ना?"

जोगळेकरांनी दुसरा गिअर टाकला. आम्ही दोघे मागे राहिलो.