खारीच्या बसण्याची मोजणी

एका जंगलात एक होती खार, तिची पिल्लं चार. खारीचं नाव ठमकी. एक होते सिंहमहाराज, एक होता हुप्पाजी वानर आणि एक होता सुतारपक्षी. झाली सगळी मंडळी. आता ऐका, मध्ये खोकू नका.

ठमकी सगळ्या जंगलाला चारोळ्या पुरवायची. एकटीच, बरं का! सशानं हाक मारली की चारोळ्या सुतारपक्ष्यापुढं टाकायची नि पुढच्या हाकेला पळायची. तो फोडत बसे, ही तिथं ताटकळत नसे. टकटक थांबली की दाणे सशाच्या दारात. हाक नसली तर वडाच्या मुळीवर बसायची. कान मात्र टवकारलेले.

या कामाबद्दल तिला वडाची ढोली मिळाली होती.

एकदा महाराजांनी तिला बसलेली पाहिली.

"बसलीय! ढोली काढून घ्या!"

"महाराज, पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून," ठमकी म्हणाली. "आणि बसलेली असते म्हणून तर हाकेसरशी उठते!"

"मोजूया की," हुप्पाजी म्हणाला.

वेळ मोजायला त्यानं भोकाची करवंटी पाण्यावर सोडली. ती बुडेस्तोवर ठमकी अर्धा वेळ पळाली, अर्धा वेळ बसली.

"अर्धी रिकामी!" महाराज गरजले. "उद्या पुन्हा मोजा. बसलेली दिसली तर ढोली गेली!"

दुसऱ्या दिवशी हुप्पाजीनं मोजणी बारीक केली. दर उडीला ठमकीला अडवायचा.

"काय करत होतीस?"

"पळत होते."

"मग थांबलीस का?"

"अहो, तुम्ही थांबवलंत ना!"

"बरं, नोंदीसाठी चिखलात पंजा उठव. पुढची उडी!"

ससा ओरडतोय, साळिंदर ओरडतंय, सुतारपक्षी न उचललेल्या दाण्यांत गळ्यापर्यंत बुडालाय! शेवटी खिरीला चारोळ्या नाहीत म्हणून महाराज स्वतः आले.

"माझ्या चारोळ्या?"

"थांबा महाराज, मोजणी चाललीय!" तेवढ्यात करवंटी बुडाली, गुडूप! हुप्पाजीनं कोलांटी मारली. "शंभरातले शंभर! बाई क्षणभर बसली नाही!"

महाराज खीरच विसरले. ठमकीला ती ढोली कायमची दिली, वर शेजारच्या दोन दिल्या. पिल्लांनी डोळे उघडले ते तीन ढोल्यांत!

आणि चारोळ्या? मोजणी रोजचीच झाली, मग ज्याच्या त्यानं आणाव्यात नि फोडाव्यात. महाराजांचा एक दात त्यातच गेला.

तात्पर्य : बाळांनो, हाकेला उठता यावं म्हणून जो बसतो, तो आळशी. ज्याला कुणाच्याच हाकेला जाता येत नाही, तो कामसू. ढोली त्यालाच मिळते.