पाच मिनिटांचं ऑकलंड

नागपूर ते ऑकलंड हे अंतर बारा हजार किलोमीटर आहे. ते कापायला मोठ्या माणसांना एकवीस तास लागतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना ती काउंटरवर सांगतील तेवढा वेळ. विमान एकच, खुर्च्याही शेजारी-शेजारी. पोचण्याची वेळ तेवढी ज्याची त्याची.

या नियमापायी शलाकाची आठवडाभर झोप उडाली होती. खालच्या मजल्यावरच्या देवतळ्यांची नात 'परवा' म्हणाली आणि दोन दिवसांत सुखरूप पोचली. पण धंतोलीतल्या एका मुलीला ऐन वेळी 'खूप खूप' सुचलं. ती उतरली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडले होते, आणि तिची आई रोज विमानतळाच्या दाराशी उभी राहून वाळली होती.

म्हणून शलाकाने लेकीकडून केजीच्या मुलाखतीला घेतली होती तशीच तयारी करून घेतली. वेणी घालताना, वरणभात भरवताना एकच प्रश्न.

"किती वेळ लागतो, रेवू?"

"एकवीस तास."

केजीच्या मुलाखतीत रेवाला रंग विचारले होते, तेव्हा तिने आईचं वजन सांगितलं होतं. ते शलाका विसरली नव्हती.

"एवढं काय टेन्शन घेतेस? पोरगी हुशार आहे आपली," ऑकलंडहून सुश्रुत फोनवर म्हणाला.

"म्हणूनच," शलाका म्हणाली.

काउंटरवरच्या बाईंनी आधी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं : पालकांनी ओठ हलवू नयेत. मग त्या वाकल्या.

"बाळा, बाबाकडे पोचायला तुला किती वेळ लागेल?"

रेवाने आईकडे पाहिलं. आईचे ओठ घट्ट मिटलेले.

"पाच मिनिटं," रेवा म्हणाली.

बाईंनी लिहून घेतलं आणि शिक्का मारला.

"अहो, नाही हो! तिला एकवीस तास म्हणायचंय. पाच मिनिटं हे मीच दिवसभर म्हणत असते. आले पाच मिनिटांत, देते पाच मिनिटांत. त्याला काही अर्थ नसतो."

"तुम्ही म्हणता तेव्हा नसेल, ताई," बाई शांतपणे म्हणाल्या. "विमान सुटल्यापासून धरतात. घ्यायला कोण येणार?"

शलाकाने सुश्रुतला फोन लावला.

"निघ आत्ताच्या आत्ता. ती माझ्या आधी पोचतेय."

"किती आधी?"

"वीस तास पंचावन्न मिनिटं. तुला वेणी तरी घालता येते का रे?"

पलीकडे गाडीच्या किल्ल्या वाजल्या.

मग तिने रेवाच्या फ्रॉकला नाव-पत्त्याची चिठ्ठी टाचली, खिशात दोन राजगिऱ्याच्या वड्या कोंबल्या, तिसरीही कोंबली. विमान उडालं. चौथ्या मिनिटाला शलाकाने लेकीचा हात दोन्ही हातांनी धरला.

"सोड ना, आई, दुखतंय," रेवा म्हणाली. "मी बाबाला सांगते, आई आलीच पाच मिनिटांत."