टीव्हीपुढे कोणी कुठे बसायचं

दर्शन मयेकरने नवा टीव्ही सुरू केला आणि जमिनीवर बसलेली त्याची आई, मालनकाकू, म्हणाली, "काय रे, ह्या टीव्हीतल्या लोकांकडे लाईट गेली काय?"

दर्शन बोटीवर नोकरीला. सुट्टीवर रत्नागिरीला आला की घरात काहीतरी मोठं आणायची त्याची हौस. भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही तेव्हा नुकतेच आले होते आणि बायकोला, अक्षयाला, तोच हवा होता. पण दुकानदार हर्षदशेठने तेवढ्याच पैशांत त्याच्या दीडपट मोठा, रिअर प्रोजेक्शनचा दाखवला. आतला दिवा मागून पडद्यावर चित्र टाकतो, म्हणाला. समोरच्या खुर्चीत बसून बघताना दर्शन हरखूनच गेला.

घरी टीव्ही उंच टेबलावर चढवला. सोफ्यावरून चित्र लख्ख. जमिनीवरून मात्र नुसता काळोख.

दर्शनने फोन लावला. "शेठ, टीव्ही दिलात की कंदील?"

"डोळ्यांच्या रेषेत ठेवायचा असतो, साहेब."

"माझी आई खाली बसते!"

"मग टीव्ही खाली घ्या."

शेजाऱ्यांना बोलावून घेतला खाली. आई खूश. आता सोफ्यावर काळोख.

दर्शनचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन असा तापला, की आलेली गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरली. "माणसाने कुठे बसायचं ते टीव्ही ठरवणार? बोटीवर आम्हाला समुद्रसुद्धा कुठूनही दिसतो! सोफा काय वाळवणं घालायला घेतलाय?"

शेवटी हर्षदशेठ हरला. "परत नेतो. चपटा घ्या बदल्यात." आणि स्वतः टेम्पो घेऊन आला.

घरात चटई अंथरलेली. मधे आई, एका बाजूला अक्षया, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गोदाकाकू.

"उठा सगळ्या. टीव्ही परत जातोय," दर्शनने जाहीर केलं.

"कोण नेतो बघतेच," आई म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्या गुडघ्यांच्या फटीतून बघितला. आता कुठे नीट दिसतंय. हात लावशील तर याद राख!"

"आई, मी भांडून आणलंय ह्यांना!"

"मग त्यांना चहा दे."

दर्शन बायकोकडे वळला. "आणि तुला तर चपटा हवा होता ना?"

"तेव्हा हा खाली बसून बघितला नव्हता," अक्षया मान न वळवता म्हणाली.

हर्षदशेठने चपला काढल्या आणि चटईच्या कडेला टेकला. टेम्पोवालाही उंबऱ्यावर बसला. पडद्यावर काहीतरी घडलं आणि सगळे खो खो हसले. उभ्या दर्शनला त्यातलं काही दिसलं नाही.

"माझ्या पैशाचा टीव्ही, आणि मलाच..." तो ओरडला.

"अरे मेल्या, मधे येतोयस. बस की खाली!" आई खेकसली.

धुसफुसत तो चटईच्या कोपऱ्यावर बसला.

"दिसतंय?" आईने विचारलं.

"दिसतंय," तो रागानेच म्हणाला. "आवाज वाढव."