सेतुरावांचा पाईप

सेतुरावांच्या दारावरची बेल वाजत नाही. ती बिघडलेली नाही, त्यांनीच तिची वायर काढून टाकली आहे. बेलच्या वर प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक क्यूआर कोड चिकटवलाय. तो मोबाइलने टिपला की फॉर्म उघडतो. नाव, मजला, येण्याचं कारण, कॉफी साखरेची की बिनसाखरेची. सगळं भरून पाठवलं की आत त्यांच्या फोनवर टिंग होतं आणि मग दार उघडतं. दार ठोठावलं तर ते आतूनच म्हणतात, "फॉर्म, अम्मा, फॉर्म."

मी सांगलीची. नोकरीपायी चेन्नईच्या मैलापुरात राहायला आले, त्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. एका हातात वाटी, दुसऱ्या हाताने फॉर्म भरतेय, अशी दारात उभी होते. विरजण त्यांच्या बायकोने, अंबूबाईंनी दिलं. कॉफीही दिली. संध्याकाळी जिन्यात दोघी-तिघी अनोळखी बायकांनी मला थांबवून विचारलं, "दही लागलं का?" मला काही कळेना. मग समजलं, सेतुरावांच्या दारातला प्रत्येक फॉर्म आमच्या इमारतीच्या ब्लॉगवर जाऊन बसतो. तिथे माझं नाव होतं, पुढे 'कारण: विरजण', आणि त्यापुढे 'कॉफी: साखरेची'.

सेतुराव तंजावरकडचे मराठी. किती पिढ्यांपूर्वी इकडे आले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्यांची मराठी म्हणजे जुन्या पोथीला सांबाराची फोडणी. उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेला, त्यामुळे जगात जे काही आहे ते एकतर टाकी, नाहीतर पाईप, नाहीतर व्हॉल्व्ह, असं त्यांचं साधं मत आहे. निवृत्त झाल्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं की इंटरनेटवर फॉर्म आणि ब्लॉग यांना जोडून देणारी सेवा मिळते, प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. झालं. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

"कोडिंग-गिडिंग काई नको," ते मला समजावत. "इकडे फॉर्म, तिकडे ब्लॉग, मध्यें पाईप. वरतून ओतलें कीं खालीं येतें. हात लावूं नका, तें आपेआप जातें."

"पण काका, सरळ ब्लॉगवरच लिहिलं तर?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू घरात नळ असताना मी विहिरीवर बादली घेऊन निघाले होते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर अंबूबाई वारल्या. दुपारी दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी सगळं संपलं. सांत्वनाला आलेल्यांनाही फॉर्म चुकला नाही. तेवढे दिवस फक्त कॉफीचा रकाना काढून टाकला होता. लोकांनी नावं ठेवली. मीही ठेवली. बायको जाऊन महिना झाला नाही तोच हा माणूस नवा फॉर्म जोडून मोकळा झाला, तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

हा नवा फॉर्म कोलमचा. इकडे मार्गळी महिना लागला की पहाटे दारोदारी कोलम, म्हणजे टिपक्यांची रांगोळी, घालतात आणि त्यात चुरस असते. सेतुरावांनी जाहीर केलं की प्रत्येकीने आपल्या कोलमचा फोटो फॉर्ममध्ये घालावा, तो ब्लॉगवर आपेआप जाईल. फॉर्ममध्ये टिपके किती हा रकाना सक्तीचा. मी काढला मोर, त्यात एकही टिपका नव्हता. शून्य लिहिलं तर फॉर्म पुढे सरकेना. सेतुराव म्हणाले, "एक टिपका घाला, एक म्हणून लिवा." मोराच्या डोळ्याने तेवढी लाज राखली.

भांडण पेटलं ते अलमेलू मामींवरून. मामी आमच्या इमारतीतल्या कोलमच्या महाराणी. त्यांच्या मुलाने अमेरिकेहून त्यांना उंची फोन पाठवला होता आणि त्याचे फोटो इतके जड, की सेतुरावांच्या पाईपमध्ये अडकायचे. फोटो अडकला तर जागा रिकामी दिसू नये म्हणून सेतुरावांनी एक राखीव फोटो लावून ठेवला होता. पाईप तो सोडायचा. त्यामुळे रोज मामींच्या नावाखाली तोच एक कोलम झळकायचा: सगळे टिपके घातलेले, रेघा मात्र अर्ध्याच ओढलेल्या. कुठल्या तरी वेबसाइटवरून उचलला असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

नेमकं तेव्हाच मामींच्या मुलीचं लग्न जुळत होतं. नवऱ्यामुलाच्या आईने कौतुकाने ब्लॉग उघडला आणि फोन करून गोड आवाजात विचारलं, "तुमच्याकडे कोलम अर्धा सोडायची पद्धत आहे का?" अर्धा कोलम म्हणजे अशुभ. तिनं घरी विचारून कळवते असं म्हटलं आणि मग चार दिवस तिकडून काही कळलंच नाही.

मामी सेतुरावांच्या दारात गेल्या आणि फॉर्म न भरता ओरडल्या. सेतुरावांनी दाराआडून सांगितलं, "फोटो हलका करून घाला." राखीव फोटो बदला म्हटल्यावर ते आत निघून गेले. रविवारी सोसायटीची मीटिंग होती. एकतर तो फोटो जाईल, नाहीतर ब्लॉग बंद होईल, असं मामींनी सगळ्यांकडून वदवून घेतलं. सेतुरावांकडे ब्लॉगशिवाय उरलं होतं काय? त्यांना समजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर आम्ही दोघं मराठी.

मी फॉर्म भरला. कारण: राखीव फोटो. दार उघडायला बराच वेळ लागला.

कॉफी त्यांनी स्वतः केली, साखर विसरले. मी सरळच बोलले. "काका, दोन मिनिटांचं काम आहे. एखादा पुरा कोलम लावा. मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"होय कीं," ते म्हणाले. मग फोन पुढे केला. त्यात कोलमच्या फोटोंची रास होती, एकेक पुरा, सुरेख. "हे अस्के, सगळे अंबूचेच. वर्षावर्षाचे."

"मग यातलाच लावा ना."

त्यांनी फोनवर तो अर्धा कोलम उघडला. "तोही अंबूचाच आहे," मग म्हणाले. "तिचे गुडघे दुखत. जिना चढून दुसऱ्यांचे कोलम पाहाण्यास जमत नव्हतें. म्हणून हा कोलमचा फॉर्म मी तिच्यासाठीं करीत होतों. त्या दिवशीं सकाळीं ती पुळ्ळ्या, टिपके घातली, अर्ध्या रेघा ओढली, आणि कंबर धरली म्हणून आंत गेली. पाणी पिऊन येतें, मग पुरा करतें म्हटली. मी सुम्मा, उगीच पाईप तपासण्यास एक फोटो काढलों. दुपारीं तिला आस्पत्रीला नेलों."

मी म्हटलं, "बाकीचे किती छान आहेत."

"छान आहेत. पण ते पुरे झाले, अम्मा. पुरा कोलम म्हणजे काम संपलें. हा पाहिला कीं वाटतें, ती आंत गेली आहे. पाणी पिऊन येईल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "घरचें माणूस गेलें कीं आमच्यांत वर्षभर दाराशीं कोलम घालण्यास होत नाहीं. तेथें तरी असूं दे म्हटलों."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याची मला लाज वाटली. मी बिनसाखरेची कॉफी पुरी प्यायले आणि तडक मामींकडे गेले. माझी तमिळ मोडकीतोडकी, पण एवढं सांगायला पुरली. मामी भात वेळत होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, सगळं ऐकलं आणि पुन्हा भात वेळायला घेतला. मला वाटलं, माझी तमिळ त्यांना कळलीच नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नवऱ्यामुलाची आई होती. मामींनी पदराला हात पुसले आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून तोच गोड आवाज आला. सगळं पसंत आहे, पण तेवढं ते अर्ध्या कोलमचं मनातून जात नाही. आमच्याकडे जरा पाहतात असलं. आता तरी तो काढलात का?

मामी माझ्याकडे बघत होत्या.

"नाही काढला," त्या म्हणाल्या. "आणि काढणारही नाही. तो माझ्या शेजारणीचा आहे. ती जरा आत गेलीय."