सतरा नंबरची धामण

आमच्या शेजारचे देवराव काका कोणाच्याही घरी गेले की आधी बरणी पाह्यतात, खुर्ची नंतर. लोणचं असो का मध, एक डोळा मिटून नाक काचेले लावतात, नखानं टिचकी मारतात अन् म्हणतात, "लेव्हल उतरली."

काका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमधी अटेंडंट होते. साप, विंचू, बेडकं, सारे फॉर्मॅलिनच्या बरण्याईत. ते कमी झालं की काका भरत. रिटायर झाले, पण नजर काही रिटायर झाली नाही. माझा बारावीचा निकाल लागला तं भर गल्लीत म्हणे, "लेव्हल काऊन उतरली बे?" त्यायची नक्कल मी लय भारी करतो. लग्नात लोक फर्माईश करतात.

मागच्या वर्षी कॉलेजनं त्या साऱ्या बरण्या विद्यापीठाच्या म्युझियमले देऊन टाकल्या. तवापासून काका दर महिन्याले नांदुऱ्याहून पॅसेंजर पकडून बरण्याईले भेटून येतात. परवा मले बी नेलं. "चाल बे, साक्षीदार पाह्यजे."

मामला असा की सतरा नंबरच्या बरणीत फॉर्मॅलिन उतरून धामणीचं वरचं वेटोळं उघडं पडलं होतं. वाळलं की कायमचं गेलं. काका तीन महिन्यापासून सांगून राह्यले, कोणी भरून नाही राह्यलं.

विद्यापीठात आधी बोटॅनिकल गार्डन लागते. कमळाचा हौद, पाट्या लावलेली झाडं, फोटोले एकदम फिट जागा. काका थांबलेच नाही. "झाडं आपलं पाणी आपण पेतात. बरणीतल्याले कोण देते?"

म्युझियमच्या दारात गार्ड म्हणे, "आले फॉर्मॅलिनवाले."

पेंढा भरलेला बिबट्या, फुलपाखराईचं कपाट, काकानं काहीच नाही पाह्यलं. सरळ सतरा नंबर. टिचकी. "घ्या. अर्धं बोट अजून उतरली."

इनचार्ज मॅडम पुण्याकडच्या, नवीन. "काका, अर्ज देऊन जा ना, मी पुढे पाठवते."

"तीन देले. धामण अर्ज वाचत नाही, मॅडम."

"बाहेरच्या माणसाला कपाट उघडून देता येत नाही हो."

"मंग तुम्ही उघडा. मी इथं बसतो."

अन् बसले, कपाटासमोर फरशीवर मांडी घालून. शाळेची सहल आली, थे त्यायले वळसा घालून गेली. एका पोरीनं मले विचारलं, "यायच्यावर पाटी काऊन नाही लावली?"

"काका, गाडी निघून जाईन," मी म्हटलं.

"गाडी उद्या बी हाय."

तीन वाजता मॅडमनं हार मानली. हातमोजे घालून कपाट उघडलं, बरणीत फॉर्मॅलिन ओतलं. काका बाजूनं नुसते बोट हलवून राह्यले. "अजून... अजून... बस." वेटोळं बुडालं. मंग खिशातून मेणाची गोळी काढून झाकणाची फट कशी बुजवायची थे सांगितलं.

"हे कॉलेजात शिकलात का?"

"नाही, आमच्या घरवालीकडून. थे लोणच्याच्या बरणीले लावे."

घरी आलो तं दिवे लागले होते. कमलाकाकू जाऊन चार वर्षं झाली, काका एकटेच राह्यतात. त्यायनं मले भाकर वाढली. मी म्हटलं, "थे फळीवरचं लोणचं घ्या ना काका, थोडं."

काकानं बरणी खाली काढली, उघडली. पण वाढलं नाही. बाटलीतलं तेल जरासंक आत सोडलं, वरच्या फोडी बुडाल्या, झाकणाले मेण लावलं. मले चटणी वाढली.

बरणीवर म्युझियमसारखीच चिठ्ठी होती, काकाच्या अक्षरात. नाव: कैरीचं लोणचं. ठिकाण: नांदुरा. करणारी: कमला.

"लेव्हल बराबर हाय ना बे?" काकानं विचारलं. आजवर त्यायनं हे कोणाले विचारलं नव्हतं.

मी एक डोळा मिटला, नाक काचेले लावलं.

"हाव काका. फुल हाय."