बूट घालून वजन करणारे बनसोडे काका

कंपनीत तपासणीचे डॉक्टर आले की सगळे बूट काढून वजनकाट्यावर उभे राहतात. बनसोडे काका मात्र लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज घालूनच चढतात.

"अहो काका, बूट!"

"सगळ्यांनाच घालायला लावा की! सगळ्यांचं वजन तेवढंच वाढेल. जाड्या-बारक्यातला फरक थोडाच हलतोय?"

काका चिंचवडचे, आमच्या कंपनीत मालाची मापं तपासणाऱ्या क्वालिटी खात्यातले, रिटायर व्हायला आलेले. मापं सरासरीपासून किती पांगली, एवढं एकच खूळ त्यांच्या डोक्यात. पुस्तकात त्याला प्रमाण विचलन म्हणतात म्हणे. काका म्हणतात 'पांगापांग'. सगळ्या आकड्यांत सारखंच मिळवलं तर पांगापांग आहे तेवढीच राहते, दुप्पट केले तर तीही दुप्पट. कॅन्टीनला जिलेबी असली की वाढप्याला दम भरतात, "एकेक जास्त वाढ राव, दुप्पट नको! माझ्या दोनाच्या चार होतील आणि त्या ढेरपोट्याच्या पाचाच्या दहा. अंतर बघ की केवढं वाढलं!"

मला हसू यायचं, पण हसायला धीर व्हायचा नाही. नववीत शाळा सुटलेली, गेवराईहून एवढ्या लांब आलेली, कंपनीजवळच्या निघोज्यात मैत्रिणींबरोबर खोली आणि नोकरी कंत्राटावरची. ती गेली तर आईला काय सांगू, ही धास्ती झोपेतसुद्धा सुटत नसे.

एके दिवशी मी मशीनचं झिजलेलं कापायचं टूल बदललं आणि पुढच्या सगळ्या पिना जाड निघाल्या. सुपरवायझर म्हणाले, "हिचा हात काही बसत नाही. उद्यापासून दुसरी मुलगी बघतो."

मी पिनांचा ट्रे उचलून तडक क्वालिटीच्या टेबलावर नेऊन ठेवला.

काका आले. एकेक पीन मोजली, चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, सगळ्या सारख्याच जाड आहेत. पांगलंय कुठं? नुसतं सरकलंय!" पिना जेवढ्या जाड होत्या, मशीनमध्ये तेवढाच आकडा मागं घेतला. पुढची पीन माप बघायच्या गेजमध्ये अलगद बसली. "पांगली असती तर मी मधे पडलोच नसतो. पोरीचं काम एकसारखं आहे. आणि तू गं, टूल बदललं की आधी आकडा बघायचा. रडायचं नंतर."

सुपरवायझर हसले. "राहू दे मग."

रविवारी खोलीतल्या सुनंदाला घेऊन, शेंगदाण्याची चटणी बांधून, मी काकांच्या घरी गेले. भिंतीवर ओळीनं तीन घड्याळं. खाली चिठ्ठ्या डकवलेल्या: चिंचवड, टोरांटो, मेलबर्न. तिन्हींत सव्वापाच.

"काका, ही दोन बिघडलीत का?"

"छे! पोरं तिकडं असतात. आधी तिकडचीच वेळ लावली होती. तुमची काकू गेल्यापासून बघवेना. मग ज्याचा त्याचा फरक काढून टाकला. आता कसे, सगळे एकदम चहाला बसल्यासारखे." काका जरा ओशाळले. "नियमात नाही बसत हे. प्रत्येकाला वेगळा आकडा लावलाय. पण घरी कोण तपासायला येतंय?"

पुढच्या खेपेला गेलो तर काका स्टुलावर उभे राहून चौथं घड्याळ टांगत होते. खाली चिठ्ठी: गेवराई.

"अहो काका, आमचं गाव इथल्याच वेळेवर चालतं!"

"मग बरंच झालं की," खाली उतरत ते म्हणाले, "काही काढून टाकायला नको. चहा टाक."